के-सात, डाव्या झडपेची

२ मार्च, सकाळ

आजपासून राग बंद. डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा दोनदा बांधला आणि दुसऱ्या वेळी नुसतं 'हं' म्हणाले. त्या 'हं'चा मला भयंकर राग आला, पण दाखवला नाही. सुरुवात चांगली झाली.

कारण नोंदवून ठेवतो. काल आमच्या मंडळाच्या इंटरनेट फोरमवर दातवाल्याने माझी तोफा ओढणारी गाडी साधा ट्रॅक्टर ठरवली. मागचा नांगर लाल बाण काढून दाखवला. मी कीबोर्डवर बुक्की मारली, एक की उडाली आणि हिच्या कपाळाला लागली. हल्ली कीबोर्ड फार हलक्या प्रतीचे येतात, असं मी बायकोला सांगितलं. ती कपाळावर बर्फ धरून ऐकत होती.

दातवाला म्हणजे दातांचा डॉक्टर. दिवसा लोकांच्या जबड्यात ड्रिल घालतो आणि संध्याकाळी आमच्या मंडळात येऊन माझ्या. मंडळाचं काम एकच, जुन्या फोटोंतली लष्करी वाहनं ओळखणं. एखाद्या पेटीच्या तळाशी फोटो सापडतो, त्यात धुरामागे अर्धं चाक आणि मडगार्डचा तुकडा दिसत असतो. गाडी कुठली, कारखाना कुठला, साल कुठलं, हे आम्ही सांगतो. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. ट्रॅक्टरचं सोडा.

५ मार्च, ऑफिस

लिफ्ट बंद पडली की लोक ज्या नंबरवर फोन करतात, तिथे मी बसतो. आज एका खाटकाचा फोन आला, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलो म्हणून. 'धीर धरा' म्हणालो आणि रिसीव्हर बाजूला ठेवला, कारण नेमका तेव्हाच एका रणगाड्याच्या पोटाचा दुर्मिळ फोटो उघडत होता. मग ते राहूनच गेलं.

दुपारी खाटीक स्वतः ऑफिसात आला. चर्चा थोडी शारीरिक झाली. डावा कान अजून गुणगुणतो आहे. मी मात्र रागावलो नाही. रागवायला श्वासच मिळाला नाही, पण ते महत्त्वाचं नाही.

८ मार्च

मोठा दिवस. माझे सासरे आमच्याकडेच राहतात. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. बाबा कधी माझ्या छंदाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आज मला खोलीत बोलावलं आणि शर्टांच्या घडीखालून एक फोटो काढून दिला.

यादवीच्या वर्षातला फोटो. बाजाराचा चौक. चुरडलेल्या टपऱ्या, त्यांच्या फळ्या इतस्ततः पडलेल्या. चार-पाच माणसं पालथी पडलेली, काही गुडघ्यांवर बसवलेली, हात डोक्यामागे. एकजण गाडीच्या पायरीवर उभा राहून, हात लांब करून, समोरच्याच्या मानेत गोळी घालतो आहे. तोंडावर फडकं आणि गॉगल.

आणि गाडी! चिलखती, सहा चाकांची, के-सात. मी भिंग आणायला धावलो.

बाबांनी जे सांगितलं ते थोडक्यात लिहितो. त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे दादा, फोटोतल्या त्याच पलटणीत ड्रायव्हर होते. त्या आठवड्यात दादा जे गेले ते परत आलेच नाहीत. मागच्या गल्लीतल्या शिंप्याचा बाप गुडघ्यांवर बसवलेल्यांत होता. तो शिंपी तेव्हा विशीतला पोरगा. तो भर रस्त्यात बाबांना म्हणाला, गोळ्या घालणारा तुझाच भाऊ, मी छपरावरून पाहिला. बाबांनी आधीच वर्तमानपत्राच्या ऑफिसात जाऊन हा फोटो मिळवला होता. फोटोत पिस्तूल उजव्या हातात आहे आणि दादा पक्के डावखुरे. पेनसुद्धा उजव्या हातात धरता यायचं नाही. तेव्हा बाबांनी सायकलचा पंप उचलला आणि शिंप्याच्या तोंडावर मारत सुटले. लोकांनी ओढून काढेपर्यंत त्याचा एक डोळा गेला होता.

बाबा दीड वर्ष तुरुंगात होते. शिंप्याने काचेचा डोळा बसवला. एकाच वस्तीत दोघं म्हातारे झाले, पण एक शब्द बोललेले नाहीत.

बाबा म्हणाले, "जावईबापू, मी खोट्या माणसाचा डोळा फोडला, एवढं एकदा पक्कं झालं की मी मोकळा. तुम्ही जाणकार आहात. नीट बघून सांगा."

मी शब्द दिला. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं लक्ष मागच्या मडगार्डकडे होतं.

९ मार्च, पहाट

शोध लागला. रात्रभर भिंग डोळ्याला लावून होतो.

ड्रायव्हरची झडप, म्हणजे त्याने बाहेर बघायची लोखंडी खिडकी, डावीकडे आहे. जगातल्या प्रत्येक के-सातला झडप उजवीकडे असते, पुस्तकात, म्युझियममध्ये, सगळीकडे. ही डावीकडे. म्हणजे हा आजवर कुणालाही माहीत नसलेला प्रकार आहे, आणि तो आमच्या घरात शर्टांखाली पडून होता.

मंडळाच्या वार्षिक सूचीत नव्या प्रकारापुढे शोधकाचं नाव छापतात. आरशासमोर उभा राहून नाव म्हणून पाहिलं. छान वाटतं.

११ मार्च

फोटो फोरमवर टाकला. माणसं मध्येमध्ये येतात, चाकं झाकतात, म्हणून ती कापून टाकली आणि फक्त गाडी ठेवली. हे आमच्यात सगळेच करतात.

संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचा पाऊस. मंडळाचे अध्यक्ष 'मेजर' यांनी तीन अंगठे पाठवले. (ते कुठल्याही सैन्यात नव्हते, कस्टममध्ये होते. मिश्यांवरून मेजर.) दातवाल्याचा एकच प्रश्न: पूर्ण फोटो टाकाल का, आणि निगेटिव्ह कुणी पाहिली आहे का?

हात शिवशिवले. पण राग बंद आहे. फक्त प्रिंटरला लाथ घातली. प्रिंटरने आतून कागद चघळल्यासारखा आवाज काढला आणि तो गेला.

१२ मार्च

पूर्ण फोटो टाकला, वर बाबांची सगळी हकिगत लिहिली. दादा, डावखुरेपणा, पंप, डोळा, काही ठेवलं नाही. दुर्मिळ गाडीमागे दुर्मिळ कहाणी असली की सूचीत अर्धं पान जास्त मिळतं. ही म्हणाली, बाबांना विचारलंत का? मी म्हणालो, त्यांच्यासाठीच तर करतोय.

१४ मार्च

दातवाल्याचा खासगी मेसेज. जसाच्या तसा उतरवतो: "मला फोन कराल का? हे सगळ्यांसमोर लिहिण्यासारखं नाही. तुमच्या सासऱ्यांचं वय काय, तब्येत कशी आहे?"

घाबरला. आता गोड बोलून मिटवायला बघतोय, तब्येतीची चौकशी करतोय. मी उत्तर दिलं की जे बोलायचं ते मंडळाच्या सभेत, सगळ्यांच्या तोंडावर.

त्याचा परत मेसेज: "सभेत नको. कृपा करून."

कृपा करून! दाताच्या डॉक्टरचे दात मी त्याच्याच घशात घालणार. हे लाक्षणिक अर्थाने.

१५ मार्च

हिने मेसेज वाचले. म्हणाली, अहो, त्या माणसाला एक फोन केला तर तुमचं काय जातं? मला भीती वाटतेय. तिला समजावलं की संशोधनात भीतीला जागा नसते. ती म्हणाली, संशोधनात नसेल, घरात आहे. मग आवाज वाढले. एक बशी फुटली. बशी मी टाकली, पण निमित्त तिने दिलं.

१९ मार्च

युद्धाची आखणी पूर्ण. ३० तारखेच्या सभेला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या: एकीवर बाबा, दुसरीवर शिंपी. मी प्रोजेक्टरवर फोटो दाखवणार, डावी झडप सिद्ध करणार, मग उजवा हात दाखवणार. शिंपी सगळ्यांदेखत बाबांची माफी मागणार. बाबा मोकळे, मी सूचीत आणि दातवाला धुळीत. एका दगडात इतके पक्षी मंडळात आजवर कुणी मारले नसतील.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, शंभर टक्के. त्यांनी उठून कपाटातून कोट काढला आणि ब्रश करायला बसले.

२१ मार्च

शिंप्याकडे गेलो. निमित्ताला एक पँट नेली, शिवण उसवली म्हणून. दुकान एवढंसं. मशीन, कापडाचे गठ्ठे, लोखंडी इस्त्री आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. मी स्पष्ट सांगितलं की तीस तारखेला या, तुमचं खोटं पुराव्यानिशी उघडं पडणार आहे, तेव्हा माफीची तयारी ठेवा.

शिंप्याने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझी पँट फळीवर पसरली आणि तापलेली इस्त्री त्यावर ठेवून दिली. धूर निघाला. तो हलला नाही, मीही हललो नाही. मला वाटतं या मूक सामन्यात मी जिंकलो. पँटीला मात्र इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं आहे. निघताना मागून त्याचा आवाज आला, येईन म्हणून.

२५ मार्च, ऑफिस

दातवाला ऑफिसात आला. रिसेप्शनवर टोपी हातात घेऊन उभा. पाच मिनिटं द्या म्हणाला. मी आतून निरोप पाठवला की साहेब लिफ्टमध्ये अडकले आहेत.

खिडकीतून पाहिलं तर तो समोरच्या फुटपाथवर तासभर थांबला होता. पाचावर धारण बसली आहे बिचाऱ्याची. जवळजवळ दया आली.

२८ मार्च

बाबा दोन दिवस नीट जेवत नाहीत. ही म्हणते, ताण आहे. मी म्हणतो, आनंद आहे. आज ते आपणहून बोलले. पंप मारताना चौथ्या-पाचव्या फटक्यालाच डोळा गेल्याचं त्यांना कळलं होतं. तरी ते थांबले नाहीत, कारण दादाला कुणी खुनी म्हणतंय हे सहन होत नव्हतं. दादाने त्यांना सायकल शिकवली होती. पंप त्याच सायकलचा.

मी त्यांना धीर दिला. म्हणालो, बाबा, झडप डावीकडे आहे, काळजी करू नका. त्यांना झडपेचं फारसं कळलं नसावं, पण मान हलवली.

३० मार्च, सभा

घरी आलो. लगेच लिहितो, कारण नंतर लिहिता येईल की नाही सांगता येत नाही. उजवा हात सुजतोय.

गॅरेजच्या मागची आमची खोली भरली होती. बाबा पहिल्या रांगेत, ब्रश केलेल्या कोटात. शेजारची खुर्ची सोडून शिंपी. मेजरनी प्रस्तावना केली. मी पाऊण तास बोललो. रिव्हेट, चाकांमधलं अंतर, झडपेची बिजागरी. लोक स्तब्ध होते. मग मी काठीने गोळी घालणाऱ्याचा हात दाखवला आणि म्हणालो, उजवा. शिंप्याकडे वळून म्हणालो, आता बोला.

शिंप्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मी दातवाल्याला आव्हान दिलं. इतके दिवस कुजबुजत होता, आता सगळ्यांसमोर बोल म्हणालो. तो बसूनच होता. मी त्याला पळपुटा म्हणालो. मेजरही म्हणाले, काही आक्षेप असेल तर नोंदवा, नाहीतर सूचीत घेतो.

दातवाला उठला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "आधी तुमच्या सासऱ्यांना बाहेर घेऊन जा. मग सांगतो."

मी मोठ्याने म्हणालो की ते कुठेही जाणार नाहीत, त्यांच्यासाठीच हा दिवस आहे.

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, सांगा. तेव्हा त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि भिंतीवरचा फोटो उलटला. डावं ते उजवीकडे गेलं. म्हणाला, निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय. कोटांची बटणं बघा. गुडघ्यांवर बसलेल्या पुरुषांची बटणं त्या छापात बायकांच्या कोटासारखी डाव्या बाजूला होती. प्रत्येकाची. आता नीट झाली.

झडपही नीट झाली. उजवीकडे, जगातल्या प्रत्येक के-सातसारखी.

आणि पिस्तूल डाव्या हातात गेलं.

शिंपी उठला. मला वाटलं आता हा ओरडणार, बाबांच्या अंगावर जाणार. त्याने भिंतीवरच्या गुडघ्यांवर बसलेल्या माणसांपैकी एकाकडे थोडा वेळ पाहिलं, टोपी घातली आणि निघून गेला.

कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी दातवाल्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा पुढचा दात पडला आणि माझ्या मुठीत घुसला. मग दोघं-तिघं माझ्यावर, मेजर त्यांच्यावर, प्रोजेक्टर मेजरवर. खुर्च्या मोडल्या. माझं डोकं कपाटावर आपटलं, ते आपटणारे हात कुणाचे ते कळलं नाही. दातवाला रुमाल तोंडाला धरून, माझ्याकडे बोट दाखवत सगळ्यांना सांगत होता की त्यांना सोडा, त्यांना सोडा.

बाबा त्या सगळ्यात खुर्चीवर बसून होते. फोटो आता त्यांच्या कोटावर पडत होता.

१ एप्रिल

हाताला प्लास्टर. डाव्या हाताने लिहितोय. अक्षराबद्दल क्षमस्व. (कोणाची मागतोय?)

दातवाल्याने पोलिसांत तक्रार केलेली नाही. मुद्दाम, मला लाजवायला. उलट्या छापाचा मुद्दा तसा अजून पूर्ण सिद्ध नाही. काही कारखान्यांत झडपा दोन्हीकडे... उद्या पुस्तकं काढून बघतो. बटणांना इतर कारणंही असू शकतात. त्या काळी फॅशन...

२ एप्रिल

पुस्तकं काढली नाहीत.

सकाळी बाबांनी हाक मारली. दाढीचा आरसा खिडकीत टेकवून ते त्यात फोटो धरून बघत होते. बराच वेळ बघत असावेत, चहावर साय धरली होती. म्हणाले, उभं राहायची पद्धत दादाची आहे, एक खांदा खाली, उलट्या छापात तो दुसऱ्या बाजूला गेला म्हणून इतकी वर्षं ओळखू आला नाही.

मग आरसा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही एवढे जाणकार. तो डॉक्टर चुकला असेल, असं तुम्ही म्हणा. तुम्ही म्हणालात तर मी धरून चालतो."

हे मला जमायला हवं होतं. मी नांगराची तोफ केली आहे. शंभर टक्के, असं म्हणायला मला कधी विचार करावा लागलेला नाही. सभेपर्यंत त्यांना तेच सांगत होतो आणि त्यांनी मागितलंही नव्हतं. आज मागितलं, आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं, "बटणं उलटी आहेत, बाबा."

बरं, म्हणाले. चहा प्यायले, सायीसकट.

ही दारात उभी होती. तिने रिकामा कप उचलला आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

४ एप्रिल

बाबांनी तोच कोट घातला आणि एकटे निघाले. ही म्हणाली, मागे जा. मी अंतर ठेवून गेलो.

ते शिंप्याच्या दुकानात शिरले आणि स्टुलावर बसले. मी दाराबाहेर थांबलो. शिंप्याने मशीन थांबवलं नाही. ती शिवण संपली, दोरा तोडला, मग त्याने वर पाहिलं.

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "तू खरं बोलला होतास. मी तुला मारलं. आता तू मार."

शिंपी उठला. त्याला उठायला वेळ लागतो, गुडघे गेलेत. तो बाबांसमोर आला आणि त्याने थोबाडीत मारली. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने. बाबा स्टुलावरून कलंडले, चष्मा उडून कापडाच्या गठ्ठ्यांत गेला. ओठ फुटला. ते परत उठून तिथेच बसले आणि तोंड पुन्हा वर केलं.

मी प्लास्टरचा हात उगारून आत घुसलो. खबरदार, असं काहीतरी म्हणालो. म्हाताऱ्या माणसावर हात उचलता, असंही म्हणालो.

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. शिंप्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. काचेचा कोरडा.

"तुम्ही बाहेर थांबा," शिंपी म्हणाला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "थांबा बाहेर, जावईबापू. दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं. काचेतून दिसलं की शिंपी वाकून गठ्ठ्यांत चष्मा शोधतो आहे. मग त्याने काचेवर पडदा सरकवला.

बराच वेळ फुटपाथवर उभा होतो. आत काय झालं ते बाबांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.